'तुम्हाला काय व्हायचंय?' : योजनेच्या अर्जात हा रकाना असावा का?

नंदिनी_मानेवाडा

नमस्कार मंडळी. दक्षिण नागपुरातल्या काही वस्त्यांमध्ये बायकांच्या उपजीविकेचा एक प्रकल्प चालतो, त्यात मी काम करते. संस्थेचं नाव देत नाही, कारण विषय ऑफिसातल्या भांडणाचा आहे. पुढच्या टप्प्याचा आराखडा लिहायचाय आणि अर्जातल्या एका रकान्यापाशी गाडी अडली आहे.

रकाना असा: 'कोणता व्यवसाय करण्याची इच्छा आहे?' आलेले अर्ज चाळले तर पानामागून पान शिलाई मशीन. मध्येच एखादं ब्युटी पार्लर, एखादं पापड-मसाला, आणि एकीने चक्क शेळ्या लिहिलेल्या. घर दहा बाय बाराचं.

त्यातल्या एका बाईंच्या घरी मी गेले. मशीन आधीचीच होती, तिच्यावर टीव्ही मांडलेला. पुन्हा मशीन कशाला लिहिली, असं विचारलं तर म्हणाल्या, "तुमच्याकडे मशीनच भेटते ना मॅडम, मंग दुसरं काय लिहू?" अर्ज पिशवीत टाकला, चहा झाला, गप्पा झाल्या, तेव्हा कळलं की त्यांना मेडिकल स्टोअरमध्ये काम करायचंय. बारावी सायन्स झालेलं आहे. डी. फार्म., म्हणजे फार्मसीची पदविका, हे नाव ऐकलेलं आहे. ते किती वर्षांचं असतं, लग्नानंतर प्रवेश मिळतो का, फी किती, यातलं काही माहीत नाही, आणि विचारायला कुठे जायचं तेही माहीत नाही.

मला हे सारखं खुपतंय. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००४ साली मुंबईतल्या झोपडपट्टीवासीयांच्या संघटनांचा दाखला देऊन एक मुद्दा मांडला होता. आकांक्षा बाळगणं ही एक क्षमता आहे आणि इतर गोष्टींसारखीच तिचीही समाजात विषम वाटणी झालेली आहे, असा. पैसेवाल्या घरातल्या मुलाला 'डॉक्टर' हे टोकही दिसतं आणि तिथवर जाणारी वाटही, कारण मामा त्याच वाटेने गेलेला असतो. गरीब घरात टोक दिसतं, मधलं काही दिसत नाही. देबराज राय या अर्थशास्त्रज्ञांनी त्याला आणखी एक जोड दिली: आहे ती स्थिती आणि हवी ती स्थिती यांतलं अंतर अगदी कमी असलं तरी माणूस हलत नाही, आणि फार मोठं असलं तरी हात टेकतो.

आमचे साहेब म्हणतात, इच्छा विचारल्या की पुऱ्या कराव्या लागतात, त्यापेक्षा तीन पर्याय छापा आणि टिक मारून घ्या. तुमचं काय मत?

ऑडिटवाले_काका

नंदिनीताई, तुमच्या साहेबांना दोष देऊ नका. हयात सरकारी हिशेबात गेली, म्हणून सांगतो, शिलाई मशीन बायकांच्या आवडीमुळे येत नाही. ती येते कारण तिचा दर ठरलेला असतो, निविदा काढता येते, बिल मिळतं, मांडवात रांगेने ठेवून फोटो काढता येतो आणि मार्च अखेरीस उपयोगिता प्रमाणपत्र देता येतं. डी. फार्म.च्या फीची चौकशी करायला लागलेल्या बसभाड्याचं व्हाउचर कोण पास करणार?

२०१६ च्या अखेरीस राज्याने वैयक्तिक लाभाच्या योजनांत वस्तूऐवजी खात्यात पैसे देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा वाटलं होतं, आता माणूस हवं ते घेईल. पण योजनेची यादी तीच राहिली. आधी वस्तू विकत घ्या, पावती आणा, मग रक्कम जमा. आता ज्याच्याकडे आधी विकत घ्यायला पैसे आहेत तो कितपत गरीब, हे तुम्हीच ठरवा.

आणि दुसरी बाजूही मांडतो. १९७२ च्या दुष्काळात जी रोजगार हमी उभी राहिली, वि. स. पागे यांच्या डोक्यातून आलेली, तिच्यात कुणाला इच्छा विचारली नव्हती. काम मागा, काम मिळेल. पुढे १९७७ ला त्याचा कायदाच झाला. खडी फोडणं हे कुणाचं स्वप्न असेल? तरी त्या योजनेने माणसं जगवली. सरकारने लोकांच्या मनात डोकावू नये, हातात काम द्यावं आणि बाजूला व्हावं, यातही एक मान आहे. प्रत्येक योजनेने माणसाला 'घडवायला' निघायची गरज नाही.

तर्री_मारके

काका बरोबर बोलले. मी तं आनखी पुढं जातो. हे आकांक्षा-बिकांक्षा पोट भरलेल्या लोकायचे चोचले हायेत बाप्पा. गरिबाले स्वप्न नसते म्हून तो गरीब हाये, असाच याचा अर्थ निघते ना शेवटी? म्हंजे पुन्हा चूक त्याचीच!

पैसे द्या अन् सोडा. लाडकी बहीणचे १५०० रुपये २०२४ पासून येऊन राहिले. कोनी विचारलं का, बाई तुले काय व्हायचं? नाई. आमच्या गल्लीत बायाइनं त्याची भिशी लावली. पहिला नंबर जिचा लागला तिनं पोट्टीच्या कॉलेजची फी भरली, दुसरीनं दाताचं काम करून घेतलं, तिसरीनं सासूले न सांगता साठवलं, कुठं ते कोनालेच मालूम नाई अन् मालूम असाची गरजबी नाई. कोन्या तज्ज्ञानं अशी योजना आखली असती का?

विदा_विदर्भ

तर्रीभाऊंचा पहिला आक्षेप गंभीर आहे, त्यावरून पुढे न जाता थोडं थांबू. 'गरिबांच्या आकांक्षा वाढवा' असं म्हणणारे कार्यक्रम भाषणबाजीकडे फार पटकन घसरतात. पण अभ्यास बघितले तर जे उपाय लागू पडले त्यांत भाषण कुठेच नाही.

पश्चिम बंगालमधला बीरभूम जिल्हा घ्या. पंचायतीत प्रधानपद महिलांसाठी आळीपाळीने राखीव होतं, कोणतं गाव राखीव हे चिठ्ठीसारखं ठरायचं. ४९५ गावांचा हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. एस्थर दुफ्लो, रोहिणी पांडे वगैरे अर्थशास्त्रज्ञ मंडळींचा. जिथे लागोपाठ दोन वेळा बाई प्रधान झाली तिथे मुलगा आणि मुलगी यांच्याबद्दल आईवडिलांच्या अपेक्षांत जी तफावत असते ती २५ टक्क्यांनी घटली, आणि खुद्द किशोरवयीन मुलामुलींच्या अपेक्षांतली ३२ टक्क्यांनी. शिक्षणातलं अंतर तर पुसलंच गेलं. मुलींसाठी तिथे काही खास पैसा ओतलेला नव्हता. रोज दिसणारी एक बाई, त्यांच्या आईसारखीच साडी नेसणारी, ग्रामसभेत खुर्चीवर बसत होती, एवढंच.

दुसरा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर भारतातल्या १६० खेड्यांत प्रयोग केला. त्यातल्या निम्म्या गावांत तीन वर्षं बीपीओ (कॉल सेंटरसारख्या) कंपन्यांसाठी भरती करणारी माणसं पाठवली: कोणती नोकरी, काय यावं लागतं, अर्ज कसा करायचा, मुलाखतीत काय विचारतात. त्या गावांतल्या तरुण मुलींची लग्नं आणि बाळंतपणं लांबली, त्या कामाला आणि प्रशिक्षणाला जास्त लागल्या, आणि शाळकरी मुलींची शाळा टिकली. नंदिनी, तुमच्या मेडिकलवाल्या बाईंना नेमकं हेच हवंय. स्वप्न बघायला शिकवणारी व्यक्ती नव्हे, फी सांगणारी.

आता उलट बाजू. फिलिपिन्समध्ये गरीब छोट्या धंदेवाल्यांना मोठी उद्दिष्टं ठरवायला लावली, बचतीचं नियोजनही करून घेतलं. लोकांनी भरघोस आकडे लिहिले. दोन वर्षांनी पाहिलं तर बचत वाढलेली नव्हती, उलट कर्ज घेणं आणि धंद्यात पैसा घालणं कमी झालेलं. आकडा गाठता येत नाही हे कळलं की माणूस होतं तेही सोडतो. देबराज रायांचं दुसरं टोक ते हेच. त्यामुळे रकाना ठेवलात आणि पुढची सोय केली नाहीत, तर तो रकाना नसलेला बरा.

इंदोरा_चौक

चर्चा वाचतोय. आश्चर्य याचं वाटतं की आपण नागपुरात बसून बंगाल आणि फिलिपिन्स फिरून आलो आणि नागपूर राहूनच गेलं.

जुलै १९४२. याच शहरात दलित महिलांची परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेबांनी तिथे समोरच्या हजारो बायकांना जे सांगितलं त्यात हा अख्खा विषय आलेला आहे: मुलांना शिकवा, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा रुजवा, आपण मोठे होणार आहोत हे त्यांच्यावर बिंबवा, न्यूनगंड काढून टाका, आणि लग्नाची घाई करू नका कारण लग्न ही जबाबदारी आहे. तर्रीभाऊ, हे पोट भरलेल्यांचे चोचले नव्हते. ऐकणाऱ्यांत गिरणीत आणि विडीच्या कारखान्यात राबणाऱ्या बायका होत्या.

पण ज्याने हे सांगितलं त्याला १९१३ साली कोलंबियाला पाठवायला सयाजीरावांची शिष्यवृत्ती लागली होती, हेही तितकंच खरं. आणि याच नागपुरात, हमाली करून पोट भरलेल्या जाईबाई चौधरींनी मुलींची शाळा काढली. नुसतं 'शिका' म्हणून थांबल्या नाहीत, शिकायला जागा उभी केली. महत्त्वाकांक्षा आणि खोलीभाडं एकत्र चालतात.

म्हणून मला स्वाधार योजनेची रचना शहाणी वाटते. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्याला जेवण, राहणं आणि निर्वाह यांचे पैसे. नागपूर-पुण्यासारख्या शहरांत ३२,००० + २०,००० + ८,००० असे वर्षाला ६०,०००. ही योजना मुलाला काय व्हायचंय ते विचारत नाही. भंडारा-गोंदियाकडून आलेलं पोरगं प्रवेश मिळवून आलंय म्हणजे इच्छा सिद्ध झाली, असं ती धरून चालते आणि मधल्या वर्षांचा डबा भरते. अशा योजनेत माझ्या मते खरी कसोटी तारखेची असते. खोलीमालक दर महिन्याच्या पाच तारखेला दारात उभा राहतो. वर्षाकाठी एकदम मिळणारी रक्कम त्याला दाखवून भागत नाही.

सोळाशे_मीटर

मी जरा वेगळं लिहितो. वय २६, पोलीस भरतीची तयारी, पहाटे मानकापूरला मैदानावर असतो.

तुम्ही लोक आकांक्षा नाही म्हणताय. इकडे येऊन बघा, आकांक्षा उतू चालल्यात, पण सगळ्यांची एकच. अभ्यासिकेत टेबलाला टेबल लागून पोरं बसतात, प्रत्येकाच्या पुढ्यात तेच चालू घडामोडींचं पुस्तक, तीच पाण्याची बाटली. गावात नोकरी लागलेला एकच माणूस डोळ्यांनी बघितलेला असतो, तो असतो शिपाई नाहीतर होमगार्ड. मग सगळं गाव मैदानावर. १६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५, वर १०० गुणांचा पेपर. एका सेकंदाने गुण जातात आणि वर्ष जातं.

विदासाहेबांनी सांगितलेलं बंगालचं उदाहरण बरोबर आहे, पण त्याची दुसरी बाजू इथे आहे. जे दिसतं तेच हवंसं वाटतं, आणि दिसतंच एक.

योजनासुद्धा त्याच वाटेवर रांग वाढवतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था, सगळीकडे स्पर्धा परीक्षेचं प्रशिक्षण आहे. महाज्योतीचं तर मुख्यालयच नागपुरात, नीट-जेईईवाल्यांना टॅब देतात, चांगलंच आहे. माझी तक्रार त्यांच्यावर नाही. पण तीन वेळा गुणवत्ता यादीबाहेर राहिलेल्या पोराला कुणी बसवून विचारत नाही की बाबा, आता दुसरं काय? वय निघून जाईपर्यंत तो त्याच रांगेत. घरी सांगायची लाज, म्हणून अभ्यासिकेची फी भरत राहतो. वाट बदलायला पैसे देणारी एक तरी योजना दाखवा.

नंदिनी_मानेवाडा

सोळाशे_मीटर, हा मुद्दा मी आराखड्यात घेणार आहे. आमच्याकडेही एकदा 'व्यवसाय निवडला' की तीन वर्षं तोच. बदलला तर आमच्या कागदावर ती 'गळती' होते. म्हणजे बाईने डोकं वापरून नुकसानीचा धंदा बंद केला की आमच्या अहवालात ती अपयशी.

तर्रीभाऊ, रोख रक्कम द्यावी हे मलाही पटतं. पण तुमच्या भिशीच्या गोष्टीतच बघा, पहिलीला कॉलेजची फी भरायची हे माहीत होतं कारण मुलगी कॉलेजात पोचलेली होती. माझ्या बाईंच्या हातात आज ५० हजार दिले तरी त्या कुठे जातील? त्यांच्या ओळखीत एकही फार्मासिस्ट नाही.

गोळ्यावाला

हात वर करतो. मी फार्मासिस्ट, प्रतापनगर भागात स्वतःचं दुकान.

डी. फार्म. दोन वर्षांचं, बारावी सायन्सवर. वय आड येत नाही, लग्नही नाही. मधली वर्षं रिकामी असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. कोर्स संपल्यावर ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण आणि एक्झिट परीक्षा, ते झालं की नोंदणी. खासगी कॉलेजची फी कॉलेजागणिक बदलते, ती आधी बघावी आणि शिष्यवृत्तीला पात्र आहेत का तेही.

पण ताई, त्याआधीची एक पायरी कुणी सांगत नाही. औषध द्यायचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टचाच, पण दुकानात त्याच्या हाताखाली मदतनीस लागतोच. घाऊकवाल्याकडून आलेला माल बिलाशी ताडून बघणं, फळीवर लावणं, मुदत संपत आलेल्या पट्ट्या वेगळ्या काढणं, संपलेल्या मालाची यादी लिहिणं. सहा महिने हे केलं की दोन गोष्टी होतात: औषधांची नावं तोंडात बसतात, आणि आपल्याला हे खरंच करायचंय का ते कळतं. उभं राहून पाय सुजतात, गिऱ्हाईक उधारीवर भांडतं. ते बघूनही इच्छा राहिली तर दोन वर्षं घालवावीत. तुमच्या प्रकल्पाने त्या सहा महिन्यांच्या पगाराचा अर्धा भार उचलला तर माझ्यासारखे दुकानदार माणूस ठेवतील. मशीनच्या किमतीत होऊन जाईल.

विदा_विदर्भ

गोळ्यावाल्यांनी योजनाच लिहून दिली की!

यालाच जोडून: बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने २००२ मध्ये अतिगरिबांसाठी जो कार्यक्रम सुरू केला, आणि पुढे आपल्याकडे बंधन या संस्थेने मुर्शिदाबादेत, त्यात मालमत्ता (बहुतेकदा जनावरं) मिळते, काही महिने घरखर्चाला भत्ता मिळतो आणि कार्यकर्ती दर आठवड्याला घरी येते. सहा देशांतल्या चाचण्यांचे निकाल २०१५ ला आले; मदत थांबल्यावर वर्षभरानेही खाणंपिणं, कमाई सुधारलेली दिसली. त्यातला भत्ता मला फार कळीचा वाटतो. तो नसेल तर आठ दिवसांत घरात तेल संपतं आणि गाय बाजारात जाते.

ऑडिटवाले_काका

फेरीवाल्यांसाठीची स्वनिधी योजना २०२० मध्ये आली ती याच विचाराने, कर्ज आधी १०,०००, फेडले की २०,०००, मग ५०,००० असं होतं; २०२५ मध्ये पहिल्या दोन रकमा वाढल्या. पायरीपायरीने. छानच आहे. पण पायऱ्या सगळ्या एकाच दिशेच्या, कर्ज मोठं होत जाण्याच्या. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या बाईंनी पहिलं कर्ज फेडलं आणि दुसरं घेतलंच नाही. मोठी गाडी नको म्हणाल्या. डोक्यावर सावली आणि रोज तीच जागा हवी. नागपूरचा मे महिना ज्याने पाहिलाय त्याला यात काही विचित्र वाटणार नाही. आता ही आकांक्षा छोटी म्हणायची की मोठी? बँकेला ती देता येत नाही, महापालिकेला देता येते, आणि अर्ज बँकेकडे आहे.

तर्री_मारके

काका, हे मात्र आवडलं. पन माझा मुद्दा तसाच हाये. तुमी लोक बाईच्या घरी जासान, चहा पेसान, तिच्या मनातलं काढसान. उद्या प्रकल्प बंद झाला तं? तिनं सासूच्या समोर बोलून दाखवलं की मले मेडिकलात जायचं, आता ते घरात रोज ऐकवतीन तिले. न बोललेलं स्वप्न सुरक्षित असते. विचाराची किंमत कोन मोजते, ते लिवा आराखड्यात.

नंदिनी_मानेवाडा

तर्रीभाऊ, याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढं करता येईल की विचारणं घरात, सगळ्यांसमोर नको, बचत गटाच्या बैठकीनंतर एकटीशी. आणि कागदावर तिचं नाव घालून इच्छा नोंदवायची नाही.

आतापर्यंतचं असं लिहिलंय: तो रकाना काढून टाकायचा. त्याऐवजी दोन भेटी, मध्ये काही आठवडे, आणि दोन्ही भेटींच्या मधल्या काळात त्या कामात असलेल्या, शक्यतो तशाच वस्तीतल्या बाईशी गाठ घालून द्यायची. सहा महिने काम करून बघायचा खर्च प्रकल्पाचा. एकदा वाट बदलायची मुभा, गळती न धरता. मशीन हवीच असेल तर मशीन. साहेबांना उद्या दाखवते. ते पहिलं विचारणार, "काम करून बघायचा खर्च" हा कोणत्या शीर्षाखाली टाकायचा?

ऑडिटवाले_काका

'अनुषंगिक खर्च' मध्ये अजिबात टाकू नका, पहिली कात्री तिथेच लागते. 'प्रशिक्षण' या शीर्षाखाली टाका, 'कार्यस्थळी प्रशिक्षण, विद्यावेतनासह' असं लिहा, आणि दुकानदाराकडून महिन्याचं हजेरीपत्रक सहीशिक्क्यानिशी घ्या. बसभाडं त्यातच धरा, वेगळं दाखवू नका. वाट बदलण्याची मुभा मात्र अटी-शर्तींमध्ये आत्ताच घाला, मंजुरीनंतर कुणी घालू देणार नाही. मसुदा इथे टाकलात तर नजर फिरवून देतो.